काळी काच आणि इसरल्याली किटली

त्या काळ्या काचंच्या गाडीची केस अजून माझ्या डोळ्यांम्होरनं हलत न्हाई. नोकरीत चोऱ्या बघितल्या, खून बघितलं, दंगलीत दगूड बी खाल्ला, पर आठवायला बसलं की मन तितंच येऊन थांबतं. नावं कुणाची घेणार न्हाई. ती माणसं अजून ह्याच गावात ऱ्हात्यात आणि आता नीट जगत्यात.

मी सातवी शिकल्याली. माझं मालक पोलिसात शिपाई हुतं. रस्त्यावर ड्युटी करताना एका ट्रकनं त्येंना उडवलं. ट्रक थांबला न्हाई आणि आजवर सापडला बी न्हाई. पदरात दोन पोरं. मालकांच्या जागंवर मला भरती करून घेतलं. रडायला सवड नव्हती, सकाळी सातला हजेरी असायची. पहिली दोन वर्सं मला ठाण्यात च्या करायला आणि बायकांच्या झडतीला ठेवलं. मी च्या केला, झडत्या घेतल्या, आणि बाजूला बसून जबाब कसा लिवत्यात, पंचनामा कसा करत्यात ते बघून घेतलं. हवालदार झाले तवा लोक म्हणायला लागलं, बाईला कुणी शिकवलं? कुणीच न्हाई शिकवलं. कान उघडं ठेवलं हुतं, एवढंच.

नव्वदीच्या शेवटाला कोल्हापुरात गाड्यांच्या काचा काळ्या करायचं लई खूळ निघालं. ज्येच्याकडं चार चाकं, त्येच्या काचा काळ्या. कायदा तवा बी हुता. बाजूच्या काचंतनं निम्मा तरी उजेड आरपार गेला पायजे, म्होरच्या आणि मागच्या काचंतनं त्येच्याबी वर. आमी चौकात उभं राहून गाड्या अडवायचो.

"पावणं, काच खाली घ्या."

"बाई, ऊन लागतंय ओ."

"तुमास्नीच लागतंय व्हय ऊन? मी सकाळधरनं हितंच उभी हाय की. वितळले का?"

दंड करायचा आणि गाडी शाहूपुरीतल्या एका काचवाल्याकडं फिल्म काढायला धाडायची. फिल्म म्हंजे काचंला आतनं चिकटवायचा काळा कागद. ह्यो गडी फिल्म लावायचा बी आणि काढायचा बी. मी त्येला म्हणायची, "तुझं बरं हाय बाबा. सरकार बी तुझं, गुन्हेगार बी तुझा." त्यो हसायचा. "बाई, तुमी थकला की माझं निम्मं दुकान बसंल."

हात मातूर लई साफ. साबणाच्या पाण्यानं काच धुणार, पात्यानं कडा कापणार, एक बुडबुडा ऱ्हाऊ देणार न्हाई. आणि काम झालं की दर काचंच्या वरल्या कडंला आतनं, अर्धी फिल्मवर आन् अर्धी दाराच्या पत्र्यावर, कागदाची एक पट्टी चिकटवायचा. तिच्यावर शाईनं लिवायचा, 'तीन दिवस काच खाली घेऊ नये.' फिल्म ओली असती. काच खाली घेतली की रबरात घासून कड गुंडाळून येती. पट्टी शाबूत असली तर फिल्मची जबाबदारी त्येची, पट्टी फाटली तर गिऱ्हाईकाची. असा त्येचा धंद्याचा नेम.

एक दिस दिवेलागणीला कळंब्याच्या तलावाकडच्या रस्त्यानं भाजी इकणारी एक आक्का रिकामी पाटी घेऊन घरला चालल्याली. बोळातनं एक पांढरी गाडी वळली आणि डाव्या कोपऱ्यानं आक्काला उडवून निघून गेली. गुडघ्याखाली पाय मोडला. सरकारी दवाखान्यात जबाब घ्यायला मी गेलते. आक्का कण्हत नव्हती, चिडली हुती.

"गाडीचा नंबर?"

"मी काय वाचतीया व्हय? पांढरी हुती आणि काचा काळ्याभोर. आत माणूस हुतं का भूत हुतं, द्येवाला ठावं. थांबलं न्हाई ग मेलं. पाणी इचारायला बी थांबलं न्हाई."

मी जबाब लिवून घेतला. घरी जाताना माझ्या मालकांची आठवण आली. त्येंच्या येळंला बी असाच एक जबाब कुणीतरी लिवला असंल. कागद फायलीत गेला आणि फाईल कपाटात.

तिसऱ्या दिशी काचवाला ठाण्याच्या मागल्या दारानं आला. उभा ऱ्हायला, बसंना.

"बाई, माझं नाव कुटं येऊ देऊ नका. शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याची पांढरी गाडी हाय. तिच्या काचा मी सोमवारी सकाळी काळ्या केल्या. मंगळवारी दुकान उघडायच्या आत गाडी परत दारात. मालक म्हणाले, काढून टाक. दंड झालाय काय इचारलं तर म्हणाले, न्हाई. डाव्या अंगाची बत्ती बी फुटल्याली."

आक्काला गाडीनं उडवलं ती सोमवारचीच सांज.

मी दोन शिपाई घेऊन शिरोलीला गेले. फौंड्रीचं मालक म्हणाले गाडी ग्यारेजला हाय, उद्या आणतो. दुसऱ्या दिशी खरंच आणली. संगट ड्रायव्हर बी आणला. पंचविशीचा पोरगा, हात जोडून उभा. मालक म्हणाले, "ह्येनं चूक कबूल केलीया. कायदा काय असंल तसं करा." एवढं बोलून च्या बी न घेता गेले.

आमच्या ठाण्याचे साहेब खूश झाले. "बाई, केस सुटली. जबाब घ्या आणि उद्या कोर्टात पाठवा."

मी ड्रायव्हरला समोर बसवलं. शाळंत धडा म्हणून दावावा तसं त्येनं सांगितलं. "मी गाडी चालवत हुतो. बाई डाव्या अंगानं आली. धडक बसली. मी थांबून डावी काच खाली घेतली, बघितलं. बाई हलत हुती. मी भिऊन निघून गेलो."

"परत सांग."

त्येनं परत सांगितलं. एक शबूद इकडचा तिकडं न्हाई. माणूस खरं सांगतो तवा दुसऱ्यांदा कायतरी इसरतो, कायतरी नवं आठवतो. ह्येचं गाणं पाठ हुतं.

मी शाहूपुरीला गेले. काचवाल्याला इचारलं, "मंगळवारी गाडी आली तवा तुझ्या पट्ट्या कशा हुत्या?"

"जशाच्या तशा. चारी काचांवर. मलाच वाईट वाटलं बाई, एवढी चांगली बसल्याली फिल्म. ताजी हुती म्हणून आख्खी निघाली. गुंडाळून ठेवलीया, रिक्षावाल्यांच्या कामाला येती." त्येनं माळ्यावरनं गुंडाळी काढून दावली. कडा सरळ, एक घडी न्हाई. डाव्या काचंच्या फिल्मला पट्टी अजून लोंबत हुती.

म्हंजे काच खाली झालीच न्हाई. मग ह्येनं बघितलं कुठनं?

पंचनामा करून गुंडाळी मुद्देमालात घेतली. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, कबूल झालेला माणूस हातात हाय आणि तुमी कागदाची पट्टी धरून बसलाय?" मी म्हणाले, "एक दिस द्या साहेब." साहेब माणूस वाईट नव्हता, कामाखाली दबल्याला हुता. दिला एक दिस.

दुपारी ड्रायव्हरची बायको डबा घेऊन आली. नऊ महिनं भरल्यालं, जिना चढताना दम लागल्याला. मी तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं रडंल, पाया पडंल. ती म्हणाली, "बाई, आमची किटली ठाण्यात जमा हाय काय?"

"कसली किटली ग?"

"दुधाची. सोमवारी सांजचं माझ्यासाठनं दूध आणायला गेल्यालं हे. ना हे आलं, ना किटली आली. माझ्या आईनं लग्नात दिल्याली हाय, माझं नाव घातल्याली. पोर झालं की दूध कशात आणू?"

मी तिच्याकडं बघतच ऱ्हायले. जो माणूस दिवेलागणीला कळंब्याला गाडी चालवत हुता, त्यो किटली घेऊन दुधाला कसा गेला?

आमच्या गावात दूध कट्ट्यावर म्हशी रस्त्याकडंला बांधत्यात आणि गिऱ्हाईकाच्या म्होरं धार काढत्यात. लोक फेसाचं दूध उभ्या उभ्या पित्यात, किटलीत भरून घरला नेत्यात. मी कट्ट्यावर गेले. गवळी म्हशीच्या बुडाशी बसल्याला. मला बघून म्हणाला, "बसा बाई, गिलास भरतो."

"दूध नको. सोमवारी कुणी किटली इसरून गेलं काय?"

"व्हय की! ह्यी बघा." खुंटीला अडकवल्याली काढली. घासून पुसून ठेवल्याली. झाकणावर बाईचं नाव कोरल्यालं. "त्या ड्रायव्हरची हाय. त्या दिशी ह्या म्हशीनं पान्हा चोरला, दूधच सोडंना. पोरगं म्हणालं, हिचंच दूध पायजे, बायकोला हिचंच मानवतंय. म्हणून थांबला कट्ट्यावर बसून. दिवं लागलं तरी हितंच. मग फौंड्रीतला एक माणूस पळत आला, चल म्हणाला, मालकांनी बोलीवलंय. पोरगं तसंच गेलं. मागनं म्हशीनं पान्हा सोडला आणि किटली भरली. नेणार कोण?"

"हे लिवून देशील?"

"देतो की. म्हशीचा बी अंगठा पायजे काय?"

सांजचं मी काचवाल्याला एक काम सांगितलं. त्येच्या जुन्या व्हॅनच्या काचांना तसलीच फिल्म लाव, आणि ठाण्याच्या आवारात आणून उभी कर. दिवेलागण झाली. ड्रायव्हरला व्हॅनमधी बसवलं, दार लावलं. साहेब बी बाहीर येऊन उभं ऱ्हायले. मी दहा पावलांवर, हातात किटली धरून.

"काय दिसतंय रे माझ्या हातात?"

आतनं आवाज, "काठी... काठी हाय."

"नीट बघ."

"काय न्हाई दिसत बाई. तुमी दिसताय तेच लई."

मी जाऊन दार उघडलं आणि किटली त्येच्या मांडीवर ठेवली. त्येनं झाकणावरच्या नावावर बोट फिरवलं. मग जे रडायला लागला ते थांबंना. मी थांबवलं बी न्हाई. रडणं सरलं की माणूस खरं बोलतो.

खरं असं हुतं. गाडी मालकाच्या पोरानं नेल्याली. ड्रायव्हरला कट्ट्यावरनं उचलून बंगल्यावर नेलं. मालकांनी सांगितलं, तू गुन्हा आपल्या नावावर घे, तुझ्या भावाला फौंड्रीत पर्मनंट करतो, बायकोचं बाळंतपण चांगल्या दवाखान्यात करतो. दोन दिस तितंच ठेवून जबाब पाठ करून घेतला.

"आरं लेका," मी म्हणाले, "तुझं पोर जन्माला येणार, आणि तू कळंब्याच्या तुरुंगात? ती किटली घेऊन रोज दुधाला कोण जाणार हुतं?"

त्येनं किटली पोटाशी धरली. मग सोडली न्हाई.

साहेबांनी त्याच सांजंला मालकाला आणि पोराला बोलावून घेतलं. पोरगा कालेजात जाणारा, मिशी अजून नीट फुटली नव्हती. मालक वकिलाचं नाव घ्यायला लागले. मी पोराला एवढंच म्हणाले, "बाळा, त्या व्हॅनमधी जरा बसून ये." त्यो बसला. आत किती येळ बसला कुणास ठाऊक. बाहीर आला तवा तोंड पांढरं पडल्यालं.

"पप्पा, मला ती दिसलीच न्हवती. नुसता आवाज आला. मला वाटलं खड्डा हाय. पर मी थांबलो न्हाई."

"गप बस," मालक म्हणाले.

"न्हाई गप बसणार. मी थांबायला पायजे हुतं."

साहेबांनी स्वतः त्येचा जबाब लिवला. पुढं पोरावर केस चालली, खोटा माणूस उभा केला म्हणून बापावर बी. कोर्टानं दोघांना शिक्षा दिली. आक्काच्या पायाचा सगळा खर्च पोरानंच केला, आणि कोर्टानं सांगितलं नव्हतं ते बी केलं. दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन आक्काच्या शिव्या खायचा. आक्का मला म्हणायची, "शिव्या द्यायला बी आता कटाळा आलाय ग. चांगलं हाय पोरगं."

ड्रायव्हरची नोकरी गेली. पर त्याच महिन्यात त्येला लेक झाली. बारशाला मी गेलते. लहान घर, भिंतीवर बुद्धाचा फोटो, पाळण्याला झेंडूच्या माळा. आक्का काठी टेकत रिक्षानं आल्याली, पोरीला कुंची घेऊन. ड्रायव्हर सगळ्यास्नी त्याच किटलीतनं दूध देत हुता. आक्का म्हणाली, "ह्येच्यासाठनं पाय मोडून घेतला म्हणायचा मी." सगळे हसले. ती चालताना थोडी लंगडायची, ते तसंच ऱ्हायलं.

माझ्या मालकांच्या येळंला कुणी किटली हुडकली न्हाई. त्येचं दुःख मी धरून बसले न्हाई, पर एक धडा धरला. काच काळी केली की बाहीरच्याला आतलं दिसत न्हाई, एवढंच सगळे म्हणत्यात. आतल्याला बी बाहीरचं दिसत न्हाई, हे कुणी बोलत न्हाई. त्या पोराला आक्का दिसली न्हाई. फौंड्रीवाल्याला ड्रायव्हरची बायको दिसली न्हाई. आमच्या साहेबांना बी एक दिस कायच दिसलं न्हाई. त्येच्यानंतर मी कुठल्याबी माणसाचा जबाब घेताना आधी त्येच्या घरात काय चाललंय ते इचारत आले. रिटायर होईस्तवर.

त्यो ड्रायव्हर आता दुधाचा टेंपो चालवतो. रोज सकाळी माझ्या दारात थांबतो. काच साधी, लखलखीत पुसल्याली. तरी त्यो ती खाली घेतोच. म्हणतो, "बाई, किटली आणा."