झोपलेला पेशंट

चाकणच्या त्या हॉस्पिटलात मी लागले तेव्हा पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात सकाळच्या शिफ्टला मला धरून चार सिस्टर असायच्या. एकीचं लग्न झालं, एक आखातात गेली, आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. उरलो आम्ही दोघी. मी, आणि माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या असलेल्या एक सिस्टर. त्यांना सगळे मोठ्या सिस्टरच म्हणायचे.

मोठ्या सिस्टर तुटक बोलायच्या. नातेवाइकांनी काही विचारलं तर मान वर न करता, हातातलं काम चालू ठेवूनच उत्तर द्यायच्या. सुरुवातीला मला ते फार खटकायचं. देहूरोडला आमच्या घरी आई दारात आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय बोलायची नाही. पण सगळा वॉर्ड दोघींवर पडला आणि काही महिन्यांत माझाही आवाज तसाच झाला. कुणी 'सिस्टर' म्हणून हाक मारली की आधी राग यायचा आणि मग मी वळायचे. सगळ्यात चांगला पेशंट कोण, तर झोपलेला. तेवढंच एक काम कमी, असं आम्ही हसून म्हणायचो, पण मनातही तेच असायचं.

त्या दिवशी दाराजवळच्या पलंगावर चिखलीचे एक आजोबा होते. हर्नियाचं ऑपरेशन होऊन ते चांगले उठूनबसून होते. त्यांचा मुलगा मात्र सकाळपासून ठाण मांडून बसला होता. प्लॉटिंगच्या धंद्यातला माणूस, बोलला की पलीकडच्या वॉर्डात ऐकू जाईल असा. उशी बदला, एसी कमी करा, डॉक्टर अजून का आले नाहीत, असं काही ना काही चालूच होतं. दर वेळी आमच्यातली एक धावायची, कारण त्याची तक्रार वरपर्यंत पोचायला वेळ लागत नव्हता.

खिडकीकडच्या शेवटच्या पलंगावर मराठवाड्यातून आलेला एक कामगार होता, तिशीतला. पत्र्याच्या कडेनं त्याची मांडी खोल चिरली होती आणि आदल्या दिवशी ऑपरेशन झालं होतं. ठेकेदाराचा माणूस त्याला भरती करून गेला तो पुन्हा फिरकला नव्हता. औषधं देत देत मोठ्या सिस्टर त्याच्यापाशी पोचल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "सिस्टर, लई गार लागायलंय."

त्यांनी कपाटातून जाड ब्लँकेट काढलं, त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं. "झोपा आता," म्हणाल्या. तेवढ्यात दाराकडून हाक आली आणि त्या तिकडे गेल्या.

त्यानंतर तो एकदाही बोलला नाही. मी दोनदा त्याच्या पलंगाजवळून पुढे गेले. डोळे मिटलेले होते. मला बरं वाटलं.

दुपारच्या जेवणाच्या गाड्या आल्या तेव्हा मी त्याची सलाईन बदलायला गेले. बाटलीकडे हात नेताना नजर खाली गेली आणि रेक्झिनच्या गादीच्या कडेवरून काहीतरी ओघळताना दिसलं. मी ब्लँकेट उचललं. बँडेज, चादर, गादी, सगळं रक्तानं भिजलं होतं. कपाळाला हात लावला तर ते थंड आणि घामानं ओलं. नाडी बोटाखाली धाग्यासारखी पळत होती.

"सिस्टर!" मी ओरडले. गॉजचा गठ्ठा जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, अंगाचा सगळा भार टाकून दाबलं. आता मला तिथून हलता येत नव्हतं. ऑक्सिजन, दुसरी सलाईन, डॉक्टरांना फोन, सगळं मोठ्या सिस्टरांनाच करायचं होतं, आणि त्या वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांच्या समोर आजोबांचा मुलगा उभा.

"आधी आमचं बघा. कधीपासून सांगतोय ड्रेसिंग ओलं वाटतंय म्हणून."

"बाजूला व्हा."

"अशा कशा जाता?" म्हणत त्यानं त्यांचं मनगट धरलं.

वॉर्डातले बाकीचे नातेवाईक नुसते बघत राहिले. माझ्या हातांखाली गरम ओल वाढत होती आणि मला तिथून ते मनगट तेवढं दिसत होतं.

"आरं, सोड तिला!" आजोबा पलंगावरून ओरडले. टाके धरून ते अर्धे उठले होते. "मला काय बी झालं न्हाई. तिकडं माणूस चाललाय, दिसत न्हाई व्हय तुला?"

त्यानं हात सोडला. मोठ्या सिस्टर धावतच आल्या.

पुढचं सगळं घाईत झालं. ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर तसेच हातमोज्यांनिशी आले, स्ट्रेचर आला. थिएटरच्या दारापर्यंत मी मांडी दाबून धरत चालत गेले. माझे हात काढून तिथल्या सिस्टरनं आपले ठेवले, तेव्हा मला माझी बोटं सरळ करता येईनात. आत एक रक्तवाहिनी पुन्हा उघडली होती. ती बांधली, रक्त चढवलं. तो वाचला.

संध्याकाळ व्हायच्या आत मेट्रन मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. आजोबांच्या मुलानं तक्रार केली होती की सिस्टर उद्धट बोलतात. माफी मागून विषय संपवा, असा वरून निरोप होता.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मागते. पण आधी माझं ऐका. ब्लँकेट मी घातलं. गार का लागतंय ते बघितलं नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ऑपरेशननंतर गार लागणं म्हणजे रक्त जात असू शकतं, हे मला कळत नाही का? पण तो शांत होता, आणि शांत माणसाकडे बघायचं आम्ही सोडून दिलंय."

मॅडम म्हणाल्या, "माणसं द्या म्हणून मी वर किती वेळा सांगितलंय, तुम्हाला काय माहीत!" माफीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः वॉर्डात आल्या आणि इंजेक्शनचा ट्रे हातात घेतला. नवीन सिस्टर मिळेपर्यंत त्या रोज येत राहिल्या.

तो कामगार पुन्हा वॉर्डात आला तेव्हा मोठ्या सिस्टर त्याच्या पलंगापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी नीट बघायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाल्या.

तो संकोचला. "तुमी तर पांघराया दिलं, सिस्टर. दुसरं कोन इचारायलंय हितं?"

त्या झटकन वळून लिनन रूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

वर्षभरात त्यांनी तळेगावच्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता. तिथं माणसं पुरेशी आहेत म्हणाल्या. नातेवाइकांशी बसून बोलता येतं. "पण एक सांगू?" त्या म्हणाल्या. "इथं कधीकधी कुणाची हाकच येत नाही आणि चहा गरम असतानाच पिऊन होतो. तसं झालं की मला धडधडायला लागतं. उठून सगळ्या वॉर्डाला एक चक्कर मारून येते."