दोन डोळ्यांची की एका डोळ्याची

मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत मी दुर्बिणींवर जेवढं वाचलं, तेवढं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वाचलं असतं तर विद्यापीठात नंबर आला असता. आणि मला स्वतःला दुर्बिणीची काडीचीही गरज नव्हती.

गरज माझ्या जुन्या साहेबांना होती. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी काम करतो, तिथे ते आमचे प्रमुख होते. तालुक्याच्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर, इंग्रजी बोलण्याआधी मनात वाक्य जुळवून घेणारा असा मी तिथे लागलो, तेव्हा त्यांनी मला वर्षभर शेजारी बसवून मायक्रोस्कोप शिकवला. माझ्या रजिस्ट्रेशनच्या कागदांवर सही त्यांची आहे. हे उपकार मी विसरलेलो नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर एक दिवस त्यांचा फोन आला, "तू तक्ते चांगले करतोस, मला शिकारीसाठी नवी दुर्बीण निवडून दे," तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

ते हरणांची शिकार करतात. इथे ते रीतसर चालतं. रायफलसाठी पोलिसांचा परवाना लागतो, शेताच्या मालकाची परवानगी लागते, आणि कोणत्या महिन्यात नर मारायचे नि कोणत्या महिन्यात माद्या, याचे नियम आहेत. हरणं फार झाली की रोपं टिकत नाहीत. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं.

"अहो, रोज सकाळी पंचशील म्हणता ना? त्यातलं पहिलं काय आहे?"

"मी फक्त काचा बघतोय."

"बघा की. आपल्या खिडकीच्याही बघा. दिवाळीनंतर कोणी पुसलेल्या नाहीत."

प्रश्न असा होता की दोन डोळ्यांची दुर्बीण, म्हणजे बायनॉक्युलर, घ्यायची की एका डोळ्याचा स्पॉटिंग स्कोप. बायनॉक्युलर गळ्यात अडकवता येते, चालता चालता डोळ्याला लावता येते, तिच्यातून मोठा टापू एकदम दिसतो. ती आठपट किंवा दहापट मोठं दाखवते. स्कोप वीसपासून साठपटीपर्यंत जातो, पण तो जड असतो, तिपाईवर बसवावा लागतो, आणि तो लावेपर्यंत हरीण निघून गेलेलं असतं. मी आलेखाच्या कागदावर तक्ता केला. माझ्या गावच्या हिशोबाने मोठा आकडा म्हणजे चांगली वस्तू, म्हणून मी दहापटीची बायनॉक्युलर सुचवली. आकडा वाढला की चित्राबरोबर हाताचा कंपही तेवढ्याच पटीने वाढतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आम्ही दुकानात गेलो. दुकानदार दारात उभं करून समोरच्या फिश अँड चिप्सवाल्याचा मेनू वाचायला लावायचा. मला भावसुद्धा दिसत होते. साहेबांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली.

"ही काच वाईट आहे," ते म्हणाले.

दुकानदाराने दुसरी दिली. तीही वाईट. तिसरीचं चाक घट्ट, चौथीचे रंग पिवळट. मग त्यांनी ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. मी तक्त्यात ओळ वाढवायची, दुर्बीण यायची, दोन दिवसांनी फोन यायचा, "यात काहीतरी गडबड आहे." मग मी शनिवारी त्यांच्याकडे जाऊन ती पुन्हा खोक्यात भरायची आणि पोस्टात नेऊन द्यायची. अशा सहा दुर्बिणी परत गेल्या. पोस्टातली बाई मला पाहिलं की न विचारता चिकटपट्टी पुढे करायची.

माझा खरा वैताग मात्र वेगळाच होता. गडबड कशात आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुकानातून निघाल्यावर आम्ही चहा घेतला, तेव्हा त्यांच्या उजव्या हातातला कप बशीवर वाजत होता. त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि हवामानाबद्दल बोलायला लागले. मी हॉस्पिटलमध्ये काम करतो. हाताचा असा कंप दिसला की डॉक्टरांकडे जायचं असतं, आणि अशा हातात रायफल असणं बरं नाही, एवढं मला समजतं. पण ते मी त्यांना सांगायचं कसं? वडिलांची नजर कमी झाली तेव्हा आमच्या घरात कोणी तसं म्हटलं नाही. एसटी स्टँडवर आई आपल्याशीच बोलल्यासारखी पाट्या मोठ्याने वाचायची, आणि वडील योग्य गाडीत चढायचे. मोठ्या माणसाला त्याचं उणं तोंडावर सांगत नाहीत, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. म्हणून सहा महिने मी काचांबद्दल बोलत राहिलो.

ऑगस्टमध्ये दुकानदाराने कंटाळून एक स्कोप शनिवार-रविवारसाठी वापरून बघायला दिला. साहेबांची जुनी दहापटीची बायनॉक्युलर आणि हा स्कोप, दोन्ही घेऊन आम्ही संध्याकाळी त्यांच्या ओळखीच्या एका शेतावर गेलो. गहू कापून झाला होता, पलीकडे झाडी होती. उजेड भरपूर होता. स्कोप आणि तिपाई अर्थातच माझ्या खांद्यावर. रायफल त्यांच्या.

"दमलास, सर?" ते म्हणाले. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मला अकरा वर्षांत ते जमलेलं नाही, म्हणून ते अधूनमधून मला सर म्हणून चिडवतात.

"नाही, सर."

"राजाने मला अजून 'सर' ही पदवी दिलेली नाही."

"हो, सर."

झाडीच्या कडेला, उंच नेच्यांत काहीतरी तांबूस हललं. त्यांनी बायनॉक्युलर लावली. बराच वेळ बघितलं. मग ती माझ्याकडे दिली.

"नर आहे ना? शिंगं दिसतात का?"

ऑगस्टमध्ये या हरणांचे नर मारायला परवानगी असते, माद्या मारायला नसते, कारण पिल्लं त्यांच्यावर अवलंबून असतात. मी बघितलं. मला एक पाठ दिसली, दोन कान दिसले, आणि कानांमध्ये गवताच्या काड्या, किंवा शिंगं, किंवा काहीच नाही.

"दिसली, सर," मी म्हणालो.

आमच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता. वर्षातून एकदा तो कपाटातून निघायचा, सगळा वर्ग रांगेत उभा राहायचा, प्रत्येकाला दोन सेकंद. सर विचारायचे, "दिसलं का?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "दिसलं, सर." मला त्यात माझ्याच पापण्या दिसल्या होत्या. तेच उत्तर पंचवीस वर्षांनी तोंडातून निघालं.

साहेबांनी रायफल टेकवायच्या काठ्या उघडल्या. त्या उघडताना त्यांचा उजवा हात दोनदा निसटला. मग त्यांनी रायफल खांद्यावरून उतरवली.

"सर, थांबा. मला शिंगं दिसलेली नाहीत."

"आत्ता म्हणालास दिसली."

"म्हणालो. पण दिसली नव्हती."

त्यांनी रायफल पुन्हा खांद्यावर अडकवली आणि बोटाने स्कोपकडे खूण केली. मी तिपाई रोवली, स्कोप रोखला, चित्र स्पष्ट केलं. शिंगं नव्हती. मादीच होती, आणि ती वाकली तेव्हा तिच्या मागून पिल्लाचे कान वर आले.

"हात न लावता बघा," मी म्हणालो. ते वाकले आणि खूप वेळ तसेच राहिले.

परत गाडीशी आल्यावर त्यांनी रायफल आत बंद केली. मग फ्लास्कमधला चहा मी ओतला. त्यांनी उजवा हात बॉनेटवर ठेवला.

"यात काय दिसतं?"

"थरथरतोय."

"कधीपासून?"

"मार्चपासून. त्या दुकानापासून."

"मार्च," ते म्हणाले. "आणि सहा दुर्बिणी पोस्टात कोण नेत होतं?"

"मीच."

"स्लाइडवर काही दिसलं नाही तर रिपोर्टमध्ये काय लिहायचं, हे मी तुला शिकवलं होतं ना?"

"'आढळले नाही.' आणि दिसलं तर जे दिसलं ते."

"मग मी काय स्लाइडपेक्षा वाईट आहे?"

मी त्यांना शाळेच्या मायक्रोस्कोपची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, वर्गात किती मुलं होती. मी म्हणालो, साठ. "आणि साठांनाही दिसलं?" "हो, सर." ते हसले, पण फार नाही. मग म्हणाले की काचा वाईट नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. कोणीतरी ते म्हणेल याची ते वाट बघत होते, आणि कोणी म्हणू नये असंही वाटत होतं.

सोमवारी ते डॉक्टरांकडे गेले. तपासण्या चालू आहेत. निदान होईपर्यंत रायफल त्यांनी स्वतःहून परवानाधारक मित्राच्या कपाटात ठेवायला दिली आहे. हे त्यांनी फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि लगेच म्हणाले, "स्कोप घ्यायचा ठरवलाय. हरणं मोजायला. पण डोळा लावायची नळी, आयपीस, सरळ हवी की वाकडी? तुझा तक्ता कुठे आहे?"

मी म्हणालो, तक्ता फाडला. तो फाडला नव्हता, पण आता मला खरोखर पुरे झालं होतं. काल त्यांनी स्कोपला फोन लावून काढलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "शिंगं दिसतात का?"

मी फोटो मोठा करून बघितला. बायकोलाही दाखवला.

"काही दिसत नाही," ती म्हणाली.

मी लिहिलं, "नाही. फोटो हललाय."

दोन मिनिटांनी उत्तर आलं. "बरोबर. पुन्हा काढतो. आता आयपीसचं सांग."

मी आलेखाचा नवा कागद घेतला.