रूथ मॅडमच्या बाबांचं कव्हर

चला, लावा पैज. शेवटी भुर्दंड कोणाला पडला ते सांगा. मला पडला म्हणाल तर हरलात.

दिल्लीच्या पहाडगंजात माझं फ्रेमचं दुकान. वाचायला जेमतेम स्वतःचं नाव येतं, पण खोड्या काढायला शाळा लागत नाही. किस्से लाकडाच्या भुशासारखे साचतात यार, झाडू मारला तरी कोपऱ्यात उरतातच.

जोशीसाहेब रिटायर्ड. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. जॅझच्या जुन्या रेकॉर्डींची कव्हरं मढवायचा नाद. दर रविवारी गाझियाबादहून यायचे. रूथ मॅडम, रिटायर्ड नर्स, त्याही रविवारीच यायच्या. साहेब मला म्हणालेले, "एक दिवस लग्नाचं विचारणार आहे त्यांना." वर्षभर तो दिवस काही उजाडेना.

*

एकदा एक कव्हर मी उलटं टांगलं. नुसती मोठाली इंग्रजी अक्षरं, मला काय कळणार? एक गिऱ्हाईक मान वाकडी करून म्हणालं, "क्या डिझाइन है!" साहेबांना आठवड्यानं दिसलं. मी म्हटलं, राहू द्या, सरळ लावल्यावर कोणी बघत पण नाही.

*

दुसऱ्या कव्हरवर वाजवणाऱ्याचं डोकं अर्धं कापलेलं. छावणीतले हवालदार शिंदे स्वतःचा फोटो मढवायला आलेले. मी त्यांना सांगितलं, हा फोटो साहेबांनीच काढलाय. मग काय! साहेब अर्धा तास समजावत बसले, की डोकं कापलं म्हणूनच नजर बोटांवर जाते. शिंद्यांनी सगळं ऐकलं आणि हळूच मला म्हणाले, "माझं डोकं मात्र पूर्ण ठेव."

*

साहेब सांगायचे, तेव्हा छपाईला जास्त रंग परवडायचे नाहीत, एक काळा नि एक निळा, त्यातच कमाल केली. मी म्हटलं, पानिपतचा चादरवाला पण दोन रंगांत उरकतो, त्याला कोणी मढवत नाही. मॅडम खळखळून हसल्या. साहेब त्यांच्याकडेच बघत राहिले.

*

आता पुढचं सांगायला जीभ जड होते.

मॅडमनी वारलेल्या वडिलांच्या रेकॉर्डचं कव्हर मढवायला दिलं. सगळं पांढरं, कोपऱ्यात एवढासा ट्रम्पेट. साहेब म्हणाले, ही रिकामी जागाच खरी कारागिरी. आणि माझ्या कानात, "आज विचारतो."

मला खाज सुटली. फ्रेमच्या काचेवर चहाचा ओला ग्लास टेकवायचा, गोल उमटला की साहेब त्यावर भाषण देणार, मग फडक्यानं पुसायचं. टेकवला. साहेब वाकून बघत म्हणाले, "अरे, हा चंद्र मला दिसलाच नव्हता."

मी हसू दाबत फडकं उचललं. तेवढ्यात मॅडम आत आल्या. त्यांनी त्या गोलावर बोट ठेवलं. पुठ्ठा भिजलेला. फ्रेमला काच नव्हतीच. पुसायला मीच काढून मागं उभी केलेली.

"बाबांची एवढी एकच वस्तू होती हो," मॅडम म्हणाल्या.

मी फडकं पाठीमागं लपवलं. साहेबांनी काच बघितली, मग मला बघितलं.

"चुकलो मॅडम. ग्लास मी ठेवला," साहेब म्हणाले.

मॅडमनी कव्हर काढलं, पदरात गुंडाळलं नि गेल्या. परत कधी आल्या नाहीत.

साहेबांनी रिकामी फ्रेम काखेत मारली. मजुरी पूर्ण दिली. मी घेतली.