तात्या आणि घरातली हवा

माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांइतका घरातल्या हवेचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. खाडीकाठची भातशेती सुटल्यावर ते आचोळ्यात, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. त्यांच्या खिशात एक छोटं यंत्र असतं. ते खोलीतली उष्णता सांगतं, दमटपणाही सांगतं. तात्यांचा चेहरा मात्र ते बघायच्या आधीच काळजीत पडलेला असतो. कुणाकडे गेले की आधी कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवणार, मग नाक लावणार, आणि त्यानंतर चहा. एका पावसाळ्यात माझ्या बायकोने हॉलमध्येच दोरी बांधून कपडे वाळत घातले, तर म्हणाले, "सूनबाई, हे पानी जातं कुठं ठाऊक हाय? भिंतीत. मग बुरशी, मग पोरीचा खोकला." आम्ही हसलो. दोरी गॅलरीत हलवल्यावर मुलीचा खोकला खरोखरच कमी झाला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

गारठ्याचंही त्यांना तेवढंच भय. वसईतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मफलर गुंडाळून थेट हॉलच्या मॅनेजरकडे गेले. "भायेर आग, आत बरफ! म्हाताऱ्या मानसांनी श्वास कसा घ्यायचा?" एसी बंद झाला, नवरदेवाच्या फेट्याखालून घामाच्या धारा लागल्या, आणि तात्याच शेजारी उभे राहून रुमालाने त्या टिपत होते.

गेल्या मे महिन्यात सकाळीच वीज गेली. वारा पडलेला, अंगाला सदरा चिकटलेला. दुपारी बाराच्या सुमारास तात्या धापा टाकत माझ्या दारात आले. "वरच्या टीचर दार उघडत नाय." टीचर म्हणजे चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या डोक्यावर थेट गच्चीची स्लॅब, आणि डासांच्या भीतीने खिडक्या कायम बंद. "झोपल्या असतील, तात्या," मी म्हणालो. ते एकदम ओरडले, "घाम सुकला तर अंग निवतं रे! या हवेत तो सुकनार कसा? चावी आन!" टीचरांच्या घराची एक चावी आमच्याकडे असते. वर जाऊन दाराला कान लावला तर आतून टीचरांचा आवाज आला, "मुलांनो, पेपर खाली ठेवा." त्यांनी शाळा सोडून पंधरा वर्षं झाली होती.

दार उघडलं तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. टीचर पलंगावर बसलेल्या, चेहरा लालबुंद, नजर भलतीकडेच. तात्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या, चादर भिजवून त्यांच्या अंगावर टाकली आणि मोठा पुठ्ठा घेऊन वारा घालत सुटले. मी रिक्षा आणली. वाटेतही तात्यांचा पुठ्ठा थांबला नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर कठीण होतं.

मला वाटलं, आता तात्या छाती फुगवून आम्हा सगळ्यांना सुनावतील. ते बाकावर बसून राहिले. "मला सकाळीच वर जायचं होतं," ते म्हणाले. "पन लोक हसतात. म्हनून थांबलो." हसणाऱ्यांत मी पहिला.

टीचर आठवड्याने घरी आल्या. त्यानंतर तात्या रोज सकाळी वर जाऊन त्यांच्या खिडक्या उघडायचे, आणि दोघं तासभर गप्पा मारत बसायची. दिवाळीनंतर टीचरांची मुलगी येऊन त्यांना नागपूरला आपल्या घरी घेऊन गेली.

परवा मी जिना चढत होतो, तर चौथ्या मजल्यावर तात्या त्या कुलूपबंद दारासमोर उभे दिसले. मला पाहून जरा ओशाळले.

"नागपूरला ऊन लय," ते म्हणाले. मग स्वतःचीच समजूत घातल्यासारखे पुटपुटले, "पन हवा कोरडी हाय. घाम सुकत असंल."