डबा कारखान्याला गेला

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, आणि मी कॉलेजात गेल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. आठवणी लिहाव्यात एवढं माझं वय नाही, वाचनही नाही. पण आमच्या हातून एक गोष्ट घडली, थोडी चुकत आणि थोडी नशिबाने. ती दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही, म्हणून धीर करतोय.

मांडवगण फराट्याला आमच्या आळीत तिसरीतली एक मुलगी आहे. तिला कमी ऐकू येतं. त्यामुळे सगळी आळी तिच्याशी ओरडून बोलते. 'जेवलीस का' हेसुद्धा नदीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं. डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन सांगितलं होतं. शाळेत ती मागे पडत चालली होती.

शिरूरच्या कॉलेजात मी ट्रेझर हंट पाहिला होता, यादीतल्या वस्तू शोधून आणायचा खेळ. तसाच खेळ गावात घ्यायचा आणि भाग घेणाऱ्या गटांकडून मशीनसाठी वर्गणी जमवायची, असं आम्ही चार मित्रांनी ठरवलं. गावाने त्याला हुडकाहुडकी म्हणायला सुरुवात केली. गावातले एक आप्पा, मोठे बागायतदार, म्हणाले, "जेवढं जमंल तेवढंच मी वर घालतो. पण खेळ तडीला न्या. शेवटची वस्तू माझ्या हातात पडली, तरच." त्यांचे पैसे आले नाहीत तर मशीन एकाच कानाला होणार होतं.

दिवस मी फार विचार करून निवडला. परीक्षा नाही, बाजार नाही, क्रिकेटची मॅच नाही, लग्नाची तिथी नाही.

सकाळी पाच गट निघाले. जात्याचा खुंटा मागायला गेलेल्यांना कोणी चहाशिवाय सोडेना, त्यामुळे एक गट तीन घरं आणि तीन चहा करून रिकाम्या हाताने परतला. पन्नासच्या वर नावं असलेली लग्नपत्रिका आणायची होती, तर पन्नासच्या आतली पत्रिका गावात निघालीच नाही. एका पत्रिकेत तर नवरीचंच नाव हुडकावं लागलं.

शेवटची वस्तू म्हणजे स्टीलचा डबा. आत शेंगदाण्याचे लाडू आणि एक चिठ्ठी. तो मी आदल्या संध्याकाळी आप्पांच्याच उसात, पाण्याच्या मोटारीजवळच्या सरीत उसाला बांधून आलो होतो.

पाचही गट धावत तिथे पोचले, तर ऊस नव्हता! नुसतं पाचट पसरलेलं. पहाटेच ऊसतोडीची टोळी आली होती. शेतकऱ्याचं पोर असून मी सगळ्यांना विचारलं, फक्त तोड कधी येणार एवढं विचारलं नाही.

"आप्पा, थांबवायची न्हाई का तोड?" बांधावर उभ्या आप्पांना मी रडवेला होऊन म्हणालो.

"महिनाभर वाट बघतोय तोडीची," आप्पा म्हणाले. "तुझ्या लाडवासाठी टोळी माघारी धाडू व्हय?"

सगळे गट स्पर्धा विसरून पाचटात ओणवे झाले. तोड करणारी एक बाई हसून म्हणाली, "मोळीत गेला आसंल डबा. आत्ता साखर व्हईल त्याची."

ऊस भरून ट्रॅक्टर कारखान्याकडे निघून गेला होता. फोन केला तर ड्रायव्हरमामा उचलेनात, गाणी लावलेली असणार. मग पाच मोटारसायकली, वर तिघं-तिघं, पूल ओलांडून पाटसच्या रस्त्याला लागलो. कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची भलीमोठी रांग होती. आमची ट्रॉली सापडली, पण तिच्यात गच्च ऊस.

"मामा, ह्याच्यात आमचा डबा हाय," मी म्हणालो.

"मग काय, उपसू समदा ऊस?" मामांनी विचारलं. माझा चेहरा बघून त्यांनी सीटखालून डबा काढला. "टोळीच्या मुकादमाला सापडला. माझ्याकडं दिला. लाडू ब्येस व्हते."

"आन् चिठ्ठी?"

"ती न्हाई खाल्ली."

गावात परत येऊन रिकामा डबा आप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, हुंगला. "पैला नंबर कुणाचा?"

मी म्हणालो, "ड्रायव्हरमामांचा."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. डबा हातात पडला होता. त्यांनी शब्द पाळला.

पुढे माझी परीक्षा आली आणि मी शिरूरलाच राहिलो. मशीन बसलं का, हे विचारायचं धाडस होईना; केलेलं बोलून दाखवतोय असं वाटलं असतं. एक दिवस एसटी स्टँडवर असताना मुलीच्या आजोबांचा फोन आला. आबा सवयीने ओरडतच बोलत होते.

"बसलं रं! दोन्ही कानांना!"

"काय म्हणाली, आबा?"

"आळीत शिरली, समदी तिला कशी हायस, कशी हायस करायला लागली. तशी मला चिकटली आन् म्हणती, आबा, भांडण कुणाचं चाललंय?"