‘येतो’चं डॉक्युमेंटेशन

आमच्या घरात ‘जातो’ म्हणायला बंदी होती. लहानपणी शाळेला निघताना माझ्या तोंडून ‘जाते’ निघालं की बाबा मला उंबऱ्यातून परत बोलवायचे, क्षणभर खाली बसवायचे आणि ‘येते’ म्हणायला लावून मगच सोडायचे. आई गेल्यापासून ते रत्नागिरीकडच्या घरी एकटे राहतात. ऐकायला कमी येतं म्हणून फोन नको, मेल करतात. टॅबवर एका बोटाने विहिरीचं पाणी, शेजाऱ्याचा बैल, पोफळींवरचा रोग, सगळं सविस्तर लिहितात आणि शेवटी, समोरून उठून निघाल्यासारखं, ‘बरं, येतो.’

मी इकडे शहरात, हाटकेशला राहते आणि घरूनच काम करते. सॉफ्टवेअरचं कुठलं बटण दाबलं की काय होतं, हे लोकांना कळेल असं लिहायचं, ही माझी नोकरी. यंदा नशिबी आलं ते असं: तुमचे मेल आमच्याकडे वळवा, आमचा एआय एजंट ते वाचेल, कॅलेंडरमध्ये नोंद करेल, तुमच्या वतीने उत्तरही देईल. माणसाने लिहिलेलं माणसाने वाचायची कटकटच नको! मॅनेजरने फर्मान काढलं की भारतीय भाषांच्या प्रकरणात खोटी उदाहरणं नकोत, खरे मेल वापरून बघ. मला खरे मेल येतात कुणाचे? बँकेचे, विमावाल्यांचे आणि बाबांचे. मी बाबांचे वळवले. आपोआप उत्तराचा पर्याय चालू केला, त्याचं पान लिहिलं, पुढच्या पानाच्या घाईला लागले आणि तो तसाच चालू राहिला.

एजंटने ‘बरं, येतो’ वाचलं आणि बाबांना कळवलं: ‘बाबा, तुम्ही येताय हे वाचून खूप आनंद झाला. आम्ही तुमची वाटच पाहत होतो. आता निवांत राहायलाच या.’ खाली माझं नाव. माझ्या कॅलेंडरमध्ये मीटिंगांच्या गर्दीत ‘बाबा येणार’ अशी नोंदही पडली होती. मला वाटलं, चाचणीचा कचरा असेल.

शनिवारी बेल वाजली. दारात बाबा, दोन पिशव्या, आमसुलं, फणसाची साठं. मागे वॉचमन एक पिशवी धरून उभा आणि त्याला बाबांचं हिंदी ऐकवणं चालू, लडकीने बुलाया है म्हणून. मग माझ्याकडे वळले.

"इतकं गोड लिहितेस तू, बाय, मला ठाऊकच नव्हतं."

कपाळ माझं. ते गोड लिहिणारी मी नव्हतेच. मी पाया पडले आणि चहा ठेवला.

ते गणपतीपर्यंत राहायच्या बेताने आले होते. मी दिवसभर कानाला हेडफोन लावून बसलेली, ते गॅलरीत समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे बघत. तरी खूश होते. त्या उत्तराचं कौतुक खालच्या दुकानदाराला, लिफ्टमधल्या गुजराती बाईंना, सगळ्यांना सांगून झालं. मी मॅनेजरला हा घोळ सांगितला तर तो हरखलाच. डॉक्युमेंटेशनमध्ये हेच उदाहरण घाल म्हणाला, एजंटने बाप-लेकीची भेट घडवली. मी समजावलं की ‘येतो’ म्हणजे येतो नव्हे, निरोप आहे तो, एजंट चुकलाय. त्यावर म्हणे, पण ते आले ना? तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तरी मी मुकाट लिहायला बसले, नोकरी करायची होती ना.

बाबा खुर्ची ओढून शेजारी आले. काय लिहितेयस, त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. त्यांना ऐकू येईना, मग मोठ्याने, मग चक्क ओरडून: मेल आला की तो मशीनकडे जातो, मशीन वाचतं.

"आणि उत्तर?"

"तेही मशीनच देतं."

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांचंच वाक्य तिथे उदाहरण म्हणून होतं, खाली त्यांना आलेलं उत्तर. त्यांनी ते चष्मा सावरत शेवटपर्यंत वाचलं.

"मराठी चांगलं आहे हो त्याचं," ते म्हणाले आणि गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना विहिरीचा पंप आठवला. तो म्हणे बिघडलेला होता, त्यांच्याशिवाय कुणाला जमणार नव्हता. मी अडवलं. मी बोलावतेय, मी स्वतः, राहा ना, असं घसा फोडून सांगितलं. त्यांनी कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली. मी स्टेशनपर्यंत सोबत निघाले तर ते नको म्हणाले, तुझं काम पडलंय. लिफ्टपाशी त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"जातो," बाबा म्हणाले.

हे मात्र एजंटला अगदी बरोबर कळलं असतं.