तळमजल्यावरचा मंगळवार

सुरतच्या डिंडोलीतल्या त्या चाळीत गजेंद्र पाटील पहिल्यांदा गॅलरीत बसून बायकोची वेणी घालताना दिसला, तेव्हा खाली नळावर दिवसभर तोच विषय होता. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये अठरा वर्षं मशीन चालवलेला सहा फुटी गडी, आणि हातात रिबीन! थोरला भाऊ वाल्मिक तर घरी येऊन सुनावून गेला, "सोनालीला माहेरी पाठव. तिची आई करेल सगळं. तू मिलमध्ये परत जा. हे बाईमाणसाचं काम आहे."

गजेंद्रने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीची वेणी जरा बरी जमली.

सोनालीच्या मणक्याला क्षयाने धरलं होतं. औषधांनी रोग गेला, पण तोवर कमरेखालचं अंग लुळं पडलं. सुरुवातीला गजेंद्रने बारा तासांची पाळी सोडली नव्हती. शेजारीण डोकावून जायची, मुलगी हर्षदा शाळेतून आली की आईचं बघायची. एका संध्याकाळी चादर बदलताना त्याला तिच्या पाठीच्या तळाशी, माकडहाडावर जखम दिसली, आत गेलेली. तिला तिकडची जाणीवच नव्हती, म्हणून तिलाही ठाऊक नव्हती. त्याने मिल सोडली ती त्या आठवड्यात.

मग त्याने नवं काम शिकायला घेतलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी कशी लावायची, कशी धुवायची, पायांचा व्यायाम कसा द्यायचा. दवाखान्यातल्या नर्सने एकदा दाखवलं, ते त्याने मशीनसारखं डोक्यात बसवलं. तीन महिन्यांत जखम भरली. सासू बघायला आली, तेव्हा पाठ पाहून म्हणाली, "जावईबापू, मला नसतं जमलं." घर चालवायला दोघं साड्यांचं धागा कटिंग, म्हणजे सुटे धागे कापायचं काम, घरी आणायचे. पडल्यापडल्या सोनालीची कात्री त्याच्यापेक्षा झपझप चालायची.

सरकारकडून दिव्यांगांना दरमहा मदत मिळते, हे सोनालीनेच मोबाइलवर वाचून काढलं. ती सुरतेतच वाढलेली, गुजराती शाळेत दहावी झालेली. गजेंद्र खानदेशातल्या पारोळ्याकडचा, त्याला गुजराती बोलता यायचं, वाचता नाही. त्यामुळे कागदांचं खातं तिचं.

मदतीसाठी आधी दवाखान्याचा दाखला हवा होता. तपासणी दर मंगळवारी, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. पहिल्या मंगळवारी गजेंद्र तिला पाठीवर घेऊन चार जिने चढला. पिशवीची नळी ताणली, रक्त आलं, आणि वर पोचले तर डॉक्टर निघून गेलेले.

घरी आल्यावर तिने हर्षदाकडून वही मागितली आणि गुजरातीत अर्ज लिहिला: ज्यांना चढता येत नाही, त्यांची तपासणी खाली व्हावी. गजेंद्रने तो दवाखान्याच्या ऑफिसात दिला आणि प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलला नाही. पंधरा दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या मंगळवारी दोघं पुन्हा गेले.

जिन्यापाशी त्याने तिची चाकाची खुर्ची थांबवली आणि सवयीने तिच्यापुढे वाकला. सोनालीने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला मागे सारलं.

"मी काय पोतं शे का, उचलीसन लई जावाले?" घरातली अहिराणी ती दवाखान्यात पहिल्यांदाच बोलली, तीही मोठ्याने. "त्यांना खाली येऊ द्या."

"नाही आले तर?"

"तर पुढच्या मंगळवारी परत येऊ."

गजेंद्र सरळ उभा राहिला. त्याला वाटलं, आपण इतके दिवस हिला नीट धरायला शिकलो, पण न उचलायचं धाडस हिनेच शिकवलं.

शिपाई आला. "ऊंचकीने लई आवो ने, भाई," तो म्हणाला, म्हणजे उचलूनच आणा. गजेंद्रने शिक्क्याची प्रत पुढे केली. "साहेबांना दाखवा. आम्ही इथेच आहोत."

मागे एक म्हातारे गृहस्थ, गणपतकाका, तरुण मुलाला खांद्यावर घेऊन चढायच्या तयारीत होते. मुलाचे दोन्ही पाय जन्मापासून लुळे. काका एक पायरी चढले, त्यांनी सोनालीकडे बघितलं, आणि मुलाला हळूच बाकावर उतरवलं. "माझेही गुडघे गेलेत," म्हणाले. मग कुबडीवाली एक बाई थांबली. मग आणखी चौघं. अकरा वाजेपर्यंत जिन्याखाली सात जण झाले. कुणी ओरडलं नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. सोनाली प्रत्येकाचे कागद मागून घेत होती आणि कुठली झेरॉक्स राहिली ते सांगत होती.

बाराच्या सुमाराला एक डॉक्टरीणबाई हातात अर्ज घेऊन खाली आल्या. "हे कुणी लिहिलं?"

"मी," सोनाली म्हणाली.

बाईंनी जिन्याकडे पाहिलं, मग खालच्या सात जणांकडे. "ड्रेसिंगची खोली उघडा," त्यांनी शिपायाला सांगितलं. "आणि वर जे बसलेत त्या दोन डॉक्टरांना बोलवा. रजिस्टर घेऊन."

सातही जणांची तपासणी त्या दिवशी तिथेच झाली. सोनालीला कुशीवर वळवून बाईंनी पाठ बारकाईने बघितली. "दोन वर्षं झोपून आहात, आणि एक जखम नाही? कोण बघतं?"

गजेंद्र दाराशी अंग चोरून उभा होता. सोनालीने नुसतं त्याच्याकडे बोट केलं.

"भाई, आमच्या वॉर्डात येऊन शिकवाल का?" बाई म्हणाल्या. थट्टा नव्हती ती. गजेंद्रचे कान लाल झाले.

दाखला मिळाला, मदतीचा अर्ज पुढे सरकला, आणि चौकशीला तलाठी घरी आले. त्यांनी खाटेशेजारी बसून विचारलं, "गजेंद्रभाई, तमे शुं काम करो छो?" आजवर या प्रश्नाला तो 'सध्या घरीच' म्हणायचा. या वेळी वाल्मिक समोर बसलेला होता, तरी त्याने मान वर केली.

"बायकोला सांभाळतो. पूर्ण वेळ."

तलाठ्यांनी तसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना वाल्मिकने कोपऱ्यातलं साड्यांचं गाठोडं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, "हे मी पोचवतो. तू बस तिच्यापाशी."

दोन महिन्यांनी मदत सोनालीच्या खात्यात जमा झाली. त्या रविवारी घरी मांडे झाले, आणि गणपतकाका मुलाला घेऊन जेवायला आले. मुलाचीही मदत मंजूर झाली होती.

दवाखान्यात आता दाराशीच गुजरातीत पाटी आहे: चढता न येणाऱ्यांची तपासणी तळमजल्यावर, मंगळवारी. पाटीखाली एका टेबलाशी चाकाच्या खुर्चीत सोनाली बसते आणि लोकांचे अर्ज तपासून देते. आतल्या खोलीत गजेंद्र कुणाच्या तरी सुनेला, कुणाच्या तरी मुलाला दाखवत असतो, उशी कुठे ठेवायची आणि माणसाला न दुखवता कसं वळवायचं. परवा एक मिलवाला गडी लाजत लाजत विचारत होता, "भाऊ, आईची वेणी मला जमेल का?"

"का नाही?" गजेंद्र म्हणाला. "बस. तीन भाग करून घे आधी."